भित पडली, असं मीच म्हटलं

वर्धा जिल्ह्यात कारंज्याकडं आमचं गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे. रस्त्याच्या कामाला मुरूम लागला, तेव्हा ठेकेदारानं आमच्या घरामागूनच टेकडीचं पोट कोरलं आणि वरचा भाग तसाच टांगता सोडून दिला. बायको म्हणे, "हे टेकडी एक दिवस घरात येते, पाहजा."

मी म्हणे, "तुले सारं आधीच दिसते."

"लग्नात नाई दिसलं ना, म्हनून आता पाहून राह्यली."

गेल्या पावसाळ्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी पाऊस असा कोसळला, की समोरचं घर दिसेना. मी बकऱ्या पाहायला ओसरीत आलो होतो. मागं गडगडलं. दगड, मुरूम, पाणी, मुळासकट पळस, सगळं कालवून खाली आलं आणि मागची भित घेऊन स्वयंपाकघरात शिरलं. बायको चुलीपाशी होती. लोकांनी तिला बाहेर काढलं, तेव्हा काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलाठी आला. "बाबा, कसं झालं?"

मी म्हटलं, "भित पडली."

आमच्याकडं असंच म्हणतात. दर पावसाळ्यात कोणाची ना कोणाची भित पडते. तिच्या अंगावर मी भितच पाहिली होती, दुसरा शब्द तोंडात आला नाही. त्यानं लिहिलं, मी सही केली. चौथीपर्यंत शिकलो, सही येते.

महिन्यानं कागद हाती आला. मातीची भिंत जीर्ण झाल्यानं कोसळून मृत्यू. जीर्ण म्हणे. ती भित बायको दर वर्षी पोळ्याआधी अन् दिवाळीत स्वतः सारवायची. मरणाचा दोष तिच्याच हातच्या भितीवर गेला. कागदात टेकडी नाही, ठेकेदार नाही.

दरड कोसळली असं लिहा, म्हणून अर्ज घेऊन तहसिलीत गेलो. बाबू म्हणाला, "दरड घाटात कोसळते, आजोबा. आपल्या वर्ध्यात कुठली दरड?"

"चुलीवर बैलाएवढा गोटा हाये. येऊन पाह्य."

"पन भित पडली, हे तुमीच सांगतलं ना? सही कोनाची?"

सही माझीच होती. परत आलो.

लोक म्हणतात, मागचा गाळ उपसून टाक, वास येऊन राह्यला. पोरीनं फावडं आणून ठेवलं. मी हात लावू देत नाही. तो उपसला, तर फक्त पडकी भित उरेल आणि कागद खरा ठरेल. अर्ज पुन्हा दिला आहे. कोणी साहेब येऊन पाहीपर्यंत मी ओसरीतच रांधतो.