विसरलेला प्रवासी आणि हातावरचं दही

बाबा माझ्याकडे आयर्लंडला आले होते, तेव्हा इथल्या ट्रली गावच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना ते पुस्तक सापडलं. लिहिणारा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कुणी साहेब, पाठीवर पडशी टाकून इथले डोंगर पायी हिंडलेला. आज त्याला कुत्रं विचारत नाही. बाबांना मात्र दोस्तच भेटला. रोज दुपारी खिडकीशी बसून ते मला वाचून दाखवत: साहेब मेंढपाळाच्या झोपडीत निजला, ढगात वाट चुकला, ओल्या मोज्यांवर पानभर चिडला. ऐकता ऐकता माझे डोळे मिटत, आणि त्या ढगात मला बाबाच चालताना दिसत.

हा शेवटचा लांबचा प्रवास, असं नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. आम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हतो. मला नुसता राग यायचा, डॉक्टरांचा, विमानांचा, इतक्या लांब येऊन राहिलेल्या माझाही.

बाबा परत जायच्या आदल्या दिवशी, साहेबानं जिथे चहा उकळला तो तळ्याकाठचा खडक बघायला गेलो. धुकं इतकं की तळंच दिसेना. बाबांनी पहिल्याच खडकावर बैठक मारली.

"हाच तो."

"कशावरून?"

"बसायला बरा आहे म्हणून."

थर्मासमधला चहा प्यालो. मेंढ्या धुक्यातून येत, आमच्याकडे बघत, पुन्हा धुक्यात विरून जात. कुणालाच कुठे जायचं नाहीये, असं मला वाटत राहिलं.

घरी येऊन मी विरजण लावलं. इथल्या थंडीत दही लागत नाही, म्हणून पातेलं हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमध्ये गुंडाळून ठेवलं. निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवलं की तो परत येतो, असं आई म्हणायची. मला त्या डॉक्टरांना खोटं पाडायचं होतं.

सकाळी बॅगा गाडीत चढल्या. मी बाबांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. त्यांनी ते निमूट खाल्लं, आणि वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"हात पुढे कर."

"मी कुठे चाललेय, बाबा?"

"मी तर घरीच चाललो ना बाई. प्रवासात तू आहेस. परत यायचं ते तू."

दही अजून कोमट होतं. हात तसाच पुढे धरून मी दारात रडत राहिले.