शेवंताकाकूंच्या दुपट्याचा चौथा कोपरा

आज तान्हा पोळा. बरेच महिने इथे लिहायला फिरकले नाही, माफ करा.

शेवंताकाकू काल गेल्या, आणि त्यांच्या मुलाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडेच राहिली.

आज दुपारी घाटंजीजवळच्या त्यांच्या गावात अंत्यविधी झाला. बुद्धवंदना झाली, लोक पांगले. मुलगा प्रशांत कॅनडात असतो. तो अजून वाटेत आहे. त्याच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. कस्टमर होत्या.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. यवतमाळला एका परदेशी कुरिअर कंपनीच्या एजन्सीत काउंटरवर बसायचे. ती कापसाची वाईट वर्षं. पार्सल घेऊन आलेला माणूसही आधी बोंडअळीबद्दल बोलायचा.

काकू एसटीने आल्या. काखेत गाठोडं. त्यात बाळाचं दुपटं, घरच्या कापसाचं, जुन्या लुगड्याच्या आवरणाचं.

"जयभीम पोरी. हे कॅनडाले धाडाचं हाये. सूनबाईचे दिवस भरत आले. तिकडं बर्फ असते म्हणे."

काट्यावर दुपट्याचं वजन काहीच भरेना. पण विमानात माल किती जागा अडवतो, यावरून आमचा दर ठरायचा. मी दुपटं खोक्यात घातलं, टेपने खोका मोजला, आकडा सांगितला.

काकूंनी काट्याकडे बोट दाखवलं.

"कापूस विकाले नेला का वजन पाह्यता, अन् धाडाले आणला का आकार पाह्यता. दोन्हीकून आम्हीच मरतो का वं?"

मग त्यांनी सरळ खोक्यावर गुडघा ठेवला. "दाब, तू बी दाब!"

आम्ही दोघींनी दाबून खोका लहान केला. मी इतकी हसले होते की मालक आतून बाहेर आले.

बिलावर आत काय आहे ते नेमकं लिहावं लागतं. सरकी, माती, कच्चा कापूस चालत नाही. म्हणून विचारलं, "काकू, कापसात सरकी राहिली नाही ना?"

"एक बी नाई. सोता हातानं काढली. मशीनवर भरोसा नाई माह्या."

मी लिहिलं: हाताने शिवलेलं बाळाचं दुपटं, भेट.

संध्याकाळच्या गाडीने खोका नागपूरला गेला. माल हात बदलतो तिथे प्रत्येक ठिकाणी त्याचा बारकोड स्कॅन होतो आणि नेटवर एक ओळ वाढते. बाजाराच्या दिवशी काकू एसटीडी बूथवरून फोन करायच्या आणि मी त्या ओळी वाचून दाखवायचे. नागपूर. मुंबई. दुबई.

मागून काकांचा आवाज यायचा. "तिच्या दुपट्यानं माह्यापेक्षा जास्त जग पाह्यलं!"

मग ओळ वाढेना. टोरांटो, क्लिअरन्स डिले. म्हणजे कस्टमच्या तपासणीत अडकलं.

नागपूरला फोन केले, मेल केले. उत्तर आलं. एक्स-रेमध्ये दुपट्याच्या एका कोपऱ्यात बिया दिसल्या होत्या.

मी चिडले. "काकू, तुम्ही सरकी नाही म्हणाला होतात!"

"कापसात नाईच हाये. कोपऱ्यात शिवली. ते येगळं."

"वेगळं कसं?"

"लेकराच्या पह्यल्या दुपट्यात घरचं बी शिवतोत आम्ही. प्रशांतच्या दुपट्यात माह्या सासूनं शिवलं होतं."

घरचं बी. तोवर सगळं शिवार पाकिटातलं बियाणं लावू लागलं होतं, दर वर्षी नवं विकत आणायचं. काकूंनी जुनी देशी सरकी राखेत घोळून मडक्यात ठेवली होती. त्यातली कीड न लागलेली चार निवडून शिवली होती. मडक्यात मग निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं.

कंपनीने तीन पर्याय दिले होते. पार्सल परत मागवा, नष्ट करू द्या, किंवा कोपरा कापून बिया जाळू द्या, बाकी दुपटं पोहोचवू. पाठवणाऱ्याची संमती हवी होती. परत मागवून पुन्हा पाठवायचं म्हटलं तर बाळ आधी आलं असतं.

मी तिन्ही पर्याय काकूंना फोनवर वाचून दाखवले. बूथवाल्याचा आवाज ऐकू आला, "मावशी, आटपा."

"काप म्हणा. लेकराले ऊब पोहोचू दे. बी तिथं थोडीच उगवते."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाल्या, "प्रशांतले सांगू नको. त्याले वाटन, मायनं केलं अन् साहेबांनी कापलं." मी शब्द दिला.

दुपटं बाळाच्या आधी पोहोचलं. प्रशांतने घरी फोन करून विचारलं, एक कोपरा कापलेला कसा? काकूंनी सांगितलं, उंदरानं कुरतडला.

मी म्हटलं, "काकू, विमानात उंदीर?"

"त्याले का मालूम!"

पुढे इतकी वर्षं त्या माझ्याकडे यायच्या, पार्सल नसलं तरी. कोपऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

माझा प्रश्न अपुरा होता की त्यांचं उत्तर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नीट विचारलं असतं तर ते बी निदान मडक्यात परत गेलं असतं. पण मग काकूंच्या मते ते दुपटंच झालं नसतं.

माझा नंबर काकूंनी प्रशांतला कधीच देऊन ठेवला होता. काल रात्री विमानतळावरून त्याचा मेसेज आला.

"मुलीचं दुपटं सोबत घेतलंय. आईच्या अंगावर घालायचं होतं. पोहोचेन का?"

मी लिहिलं, नाही पोहोचणार.

मघाशी विमानाची स्थिती बघितली. दुबई. तीच वाट, उलट्या दिशेने. दुपटं घरी येतंय.

काकूंनी मला त्या शब्दातून मोकळं केलं नाही. आणि आता त्यांना विचारताही येत नाही. प्रशांत माझ्या इथल्या यादीत नाही, म्हणून हे लिहू शकले. त्याच्या आधी तुम्हाला सांगणं बरोबर आहे का, तेही कळत नाही.

पण तो कोपरा उंदराने खाल्ला असं समजून त्याने ते दुपटं आईच्या फोटोपुढे ठेवावं, हे मला बघवणार नाही.

जयभीम, काकू.

उद्याचं काम: काकूंच्या गावी जाऊन प्रशांतला कोपऱ्यात काय होतं ते सांगणे.