मे महिना, गच्ची आणि आम्ही तिघी

कुणाच्या ग्रुपकडे ट्रिपचे किस्से असतात, कुणाकडे कॉलेजचे. आमच्याकडे गळतीचे आहेत! दर उन्हाळ्यात त्यात भर पडते. हळदीकुंकवाला आम्ही तिघी एकत्र बसलो, की वाण बाजूला राहतं आणि गच्ची सुरू होते.

तिघी म्हणजे शेजारची महादेवीअक्का, समोरची लक्ष्मी आणि मी. सोलापुरातल्या आमच्या छोट्याशा कॉलनीत पावसाळ्याआधी गच्च्या झाडायच्या, पाइप मोकळे करायचे, भेगा भरायच्या, हे खातं आमचं!

* * *

सुरुवात अक्काच्या घरापासून झाली. पाऊस तोंडावर, स्लॅबला भेगा, आणि गवंडी रोज फोनवर म्हणायचा, "उद्या येतो की!"

शेवटी अक्काच साडी खोचून, थापी आणि सिमेंटचं घमेलं घेऊन वर चढली. मागोमाग आम्ही दोघी. खालून एक शेजारी ओरडले, "अहो, बायकांचं काम आहे का हे? पडाल!"

अक्का कठड्यावरून वाकली. "कुरडया वाळत घालायला कोण चढतंय वर? तवा न्हाई पडत व्हय आमी?"

त्या पावसाळ्यात अक्काच्या घरात थेंब पडला नाही. पुढच्या मे महिन्यात तेच शेजारी दारात उभे. "आमचीही गच्ची जरा बघता का?"

* * *

भेगा भरल्या, की पाइपाचं तोंड बांधून गच्चीवर पाणी साठवायचं आणि खाली छताला ओल येते का बघायचं. सोलापुरात, भर मे महिन्यात! इथे नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात!

आमच्या गच्चीसाठी मी धुण्याचं पाणी साठवून ठेवलं होतं. मी बादल्या वर नेताना पाहून आमचे हे भडकले, "माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तू गच्चीला पाजतेस?"

"आता पाजलं नाही, तर पावसात ती तुमच्या अंगावर ओतेल!"

दुसऱ्या दिवशी छताला एकच ओला डाग उमटला. बरोबर ह्यांच्या उशीवर! ह्यांनी एकदा वर पाहिलं. मग गुपचूप बादली उचलून म्हणाले, "डागडुजी झाली, की परत भरायची ना गच्ची?"

* * *

एका घरी पाइपाच्या तोंडातच कबुतराचं घरटं निघालं. आत अंडी.

"बाळंतिणीला उठवायचं न्हाई," अक्काने निकाल दिला.

मग सिमेंटचा छोटा बांध घालून पाणी दुसऱ्या पाइपाकडे वळवलं. पाऊस आला. घर कोरडं, पिल्लंही कोरडी! घरमालक अजून सगळ्यांना सांगतात, "बाळंतपण आमच्याकडे झालं!"

* * *

लक्ष्मीच्या घरामागे त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, वर पत्रे. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभं राहिलं, की पत्र्यातलं भोक न् भोक लखलखतं. तिचे सासरे मान वर करून आपल्या तेलुगूत म्हणाले, "चुक्कलु!" मग मला मराठीत, "बघा, दिवसा चांदण्या!"

मी आतून काठीने भोक दाखवायचे, लक्ष्मी वरून ते बुजवायची. एकेक चांदणी विझत गेली.

संध्याकाळी वळीव कोसळला. एरवी अशा वेळी माग बंद करून त्यांच्यावर प्लॅस्टिक टाकायची पळापळ व्हायची. त्या दिवशी माग चालूच राहिले. वर पाऊस, खाली खडखडाट! लक्ष्मी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

सासरे हसून म्हणाले, "अगं, कारखान्यात तेवढंच पाणी!"

* * *

अक्काची मुलगी विद्या. शिकली कॉलेजात, पण थापी धरायला शिकली आमच्याबरोबर गच्चीवर. तिला बघायला टेंभुर्णीहून मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, "सैपाक येतोय का गं?"

तेवढ्यात वारं सुटलं आणि पाऊस आला. पाइपातून अंगणात धो धो पाणी पडू लागलं. मग ते एकदम थांबलं. पाऊस मात्र चालूच!

विद्या उठली. "एक मिनिट हं." आणि पदर खोचून, सगळ्यांसमोरून थेट जिन्याकडे! अक्का जागच्या जागी थिजली. मी उगाचच पोह्यांच्या बशा आवरायला लागले. पाहुणे एकमेकांकडे बघताहेत.

थोड्या वेळाने पाइप गुडगुडला आणि पाणी पुन्हा अंगणात कोसळलं. विद्या चिंब भिजून खाली आली. हातात कडुलिंबाच्या पाल्याचा गोळा आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. ते दाराबाहेर टाकून, हात पुसून ती परत जागेवर बसली.

"पाइपाचं तोंड बुजलं होतं. पाणी तुंबून स्लॅबमध्ये मुरलं असतं. हं, स्वयंपाकाचं काय विचारत होतात?"

मग त्या बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकल्या.

"सैपाकाचं ऱ्हाऊ दे गं. सैपाकाला मी हाय की! आमचं घर मातुर लई गळतंय."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "आई!"

"गळतंय त्ये गळतंय की! आमाला पोरगी पसंत हाय. तुमचं काय त्ये सांगा."

अक्काने विद्याकडे पाहिलं. विद्याने ओला पदर नीट केला आणि म्हणाली,

"आधी आम्ही गच्ची बघायला येतो. मग सांगते."