भुईचाफ्याचा हिवाळा

११ डिसेंबर १९८८, रविवार. बर्फ वितळवून फ्रीज आतून पुसून काढायचं काम चाललं होतं. दूध, भाज्या, डोशाचं पीठ सगळं ओट्यावर मांडलं होतं. वरच्या बर्फाच्या खणात उलथनं घातलं, तर ट्रेच्या मागे एक फडक्याची पुरचुंडी दगडासारखी चिकटलेली. सोडवून पाहिली. आत आल्यासारखे दिसणारे तीन-चार कंद. मी ठेवलेले नव्हते. सासूबाईंना विचारणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "मंगल, हात लावू नकोस. परीक्षा चालू आहे."

या करंदीकर बाई. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा फ्रीज फक्त आमच्याकडे होता. मी ऑफिसला गेल्यावर बाई दुपारी येत, सासूबाईंशी दोन शब्द बोलत आणि आपली पुरचुंडी ठेवून जात. सासूबाईंना वाटायचं, मी परवानगी दिली आहे. बाईंना परवानगी वगैरे लागत नसे.

ते कंद भुईचाफ्याचे होते. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पावसाळाभर त्याला हळदीसारखी पानं असतात. थंडी सुरू झाली की पानं पिवळी पडून गळतात आणि वर नुसती माती उरते. मग चैत्र-वैशाखात त्या कोरड्या मातीतून, एकही पान नसताना, थेट जमिनीलगत जांभळट पांढरी फुलं उमलतात. वास असा की घेणाऱ्याला गुडघे टेकावे लागतात.

बाईंच्या खिडकीखाली वाफा होता. हिवाळ्यात तो रिकामा दिसे, आणि रिकाम्या मातीत पाणी ओतल्याशिवाय आपल्या लोकांना राहवत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे नाना रोज सकाळी अंगणात उभे राहून सूर्याला अर्घ्य देत आणि तांब्यात उरलेलं पाणी पुण्य म्हणून त्या वाफ्यात रिकामं करत. बाई खिडकीतून ओरडत, "नाना, सूर्याचं पाणी सूर्याला द्या. झोपलेल्याला पाजू नये."

"अहो, माती तडकलीय, बाई."

"तडकू दे. थंडीत तो उपाशी जगतो. भिजला तर मरतो."

नाना मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतत. शेवटी बाईंनी वाफ्यावर जुना पत्रा टाकला.

परीक्षा कशाची, ते मला त्या रविवारी कळलं. ओट्याशी स्टुलावर बसून बाईंनी एखादा धडा सांगावा तसं सांगितलं. त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याचं डॉक्टर काही खात्रीने सांगत नव्हते. एकटीने राहणं आता जमणारं नव्हतं. मुलगी नलिनी सिमल्याला, जावयाची नोकरी तिथली. पुढच्या पावसाळ्याआधी बाईंनी कायमचं तिकडे जायचं ठरलं होतं. नलिनीने याआधी दोनदा इथून कंद नेले होते आणि दोन्ही वेळा पहिल्याच थंडीत ते सडून गेले होते.

मी म्हटलं, "बाई, तिकडे सफरचंदाच्या बागा आहेत. भुईचाफा नसला तर काय बिघडलं?"

"सफरचंद दिसतं तेव्हा कळतं," त्या म्हणाल्या. "डोळे गेल्यावर उन्हाळा आला हे मला कोण सांगणार? भुईचाफा वासाने सांगतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी कुणाला विचारायला जाणार नाही."

मी बर्फ खरवडत राहिले.

बाईंनी जन्मात हिमवर्षाव पाहिला नव्हता. "वर्षानुवर्षं मुलांना दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, शिकवलं," त्या म्हणत. "व्याख्येला पूर्ण मार्क दिले. पण ते हाताला कसं लागतं, मला ठाऊक नाही." म्हणून त्यांनी सिमला ठाण्यात आणायचं ठरवलं होतं. बर्फाच्या खणातले कंद बाहेर काढल्यावर तासाभरात लिबलिबीत झाले. बाईंनी ते बोटांनी दाबून पाहिले, वास घेतला आणि म्हणाल्या, "नापास." फ्रीजच्या खालच्या कप्प्यात त्यांचे आणखी दोन डबे निघाले. ओल्या वाळूतले कंद काळे पडले होते. कोरड्या राखेतले सुरकुतले होते, पण टणक होते. म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे.

"मग झालं की," मी म्हटलं. "राखेत ठेवायचे."

"फ्रीज म्हणजे सिमला नव्हे, मंगल. इथे सगळीकडून सारखी थंडी. तिथे एका बाजूने बर्फ आणि दुसऱ्या बाजूने घराची उबदार भिंत. मला बर्फाशेजारची थंडी पाहिजे."

ती त्यांनी कुठे शोधली, तर मासळी बाजारात. बाई कट्टर शाकाहारी. बाजारावरून जावं लागलं तर पदर नाकाला लावून पलीकडच्या बाजूने जायच्या. पण मासे बर्फात राहतात, एवढं त्यांना माहीत होतं. माझी कोळीण हिराबाई, तिच्याकडे लाकडी पेटी होती. तळाला बर्फाची लादी, वर भुसा, त्यावर गोणपाट. एका सकाळी मला बरोबर घेऊन बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पिशवीतून पुरचुंड्या काढल्या.

हिराबाई कोयता बाजूला ठेवून म्हणाली, "काय गो बाय, माज्या पेटीन आलं कशाला? गिऱ्हाईक बोलंल, कोलीन आता मसाला पन इकते."

"आलं नाही, भुईचाफा आहे. फूल येतं त्याला. सुवासिक."

"फूल? मंग त मासलीचा वास लागंल त्याला."

"लागू दे. मरतो की जगतो, एवढंच बघायचंय मला."

हिराबाई माझ्याकडे बघून हसली. बाईंचं लक्ष नव्हतं. पदर कधीच नाकावरून सुटला होता आणि त्या कोपरापर्यंत हात पेटीत घालून चाचपत होत्या. एक पुरचुंडी लादीला चिकटवून, एक कोरड्या भुशात मधोमध, एक वरच्या ओल्या गोणपाटाखाली. वाफ्यातले अर्ध्याहून जास्त कंद त्यांनी असे मारायला काढले होते. मी विचारलं, "सगळेच गेले तर?"

"तर मला कळेल की न्यायचे नाहीत. ते कळायलाही कंद लागतात."

त्या रोज बाजारात जाऊ लागल्या. हिराबाई लांबूनच विचारी, "बाय, मेलं का जितं हाय?" बाई हात घालून सांगत, "अजून झोपलंय." पौष संपता संपता त्यांनी सगळं बाहेर काढलं. लादीला टेकलेले मेले. गोणपाटाखालचे सडले. भुशातले टणक राहिले.

"बघ," बाई म्हणाल्या. "थंडी त्याने सोसली. बर्फाचा स्पर्श नाही सोसला आणि ओल नाही सोसली. कोरडं ठेवायचं आणि अंतर ठेवायचं. माणसांनासुद्धा पुष्कळदा एवढंच पुरतं."

पण टणक म्हणजे जिवंत, हे बाई मानायला तयार नव्हत्या. "फूल येईल तेव्हा पास." भुशातले कंद एका कुंडीत लावून त्यांनी कुंडी दाराशी ठेवली. चैत्र गेला. वाफ्यात पत्र्याखाली राहिलेले कंद फुलले. कुंडीत काही नाही. नलिनीचे फोन आमच्याकडे येत. आई तिकीट का काढू देत नाही, म्हणून ती माझ्यावर चिडे. बाईंचा दुसरा डोळाही आता अधू झाला होता. पाटी वाचता येईना म्हणून त्या बसच्या रांगेत शेजारच्याला विचारू लागल्या होत्या, आणि हे त्यांना किती जड जातं, ते मला दिसत होतं.

वैशाखात एका सकाळी मी दूध घेऊन येत होते. बाई दाराबाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. मान थोडी वळवली. मग भर अंगणात, नाना आणि दूधवाला बघत असताना, त्या हात टेकून ओणव्या झाल्या आणि कुंडीच्या मातीपर्यंत नाक नेलं. एक फूल होतं. मला ते उभ्याने दिसलं नव्हतं. मी सहज थक्क होणाऱ्यातली नाही, पण दुधाची पिशवी हातात धरून मी तिथेच उभी राहिले.

"मंगल," ओणव्यानेच त्या म्हणाल्या, "नलिनीला सांग, तिकीट काढ."

कंद त्यांनी भुशासकट उशीच्या अभ्र्यात भरून नेले. डबा नको म्हणाल्या, डब्यात ओल धरते. वाफ्यात उरलेले चार कंद मला देऊन गेल्या; ते मी तिथेच राहू दिले. पुढच्या वर्षी, इकडे पाऊस तोंडावर आला असताना, त्यांचा फोन आला. तोपर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. "अगं, इथला उन्हाळा फार उशिरा येतो," त्या म्हणाल्या. "पण आला. या घरात आधी मला कळलं."

दर हिवाळ्यात बर्फ पडायच्या आत त्या स्वतः कंद काढत, अभ्र्यात भरत आणि जिन्याखाली, स्वयंपाकघराच्या भिंतीला धरून ठेवत. उन्हाळ्याच्या तोंडाशी रोज हात घालून चाचपत आणि आपल्या मनाला पटेल तेव्हा लावत. कुणाला हात लावू देत नसत.

१९९४च्या एप्रिलमध्ये संध्याकाळी नलिनीचा फोन आला. आदल्या आठवड्यात बाई गेल्या होत्या, झोपेत. ती बराच वेळ नीट बोलली. मग म्हणाली, "मंगलताई, अभ्रा जिन्याखाली तसाच आहे. आईने कधी तारीख सांगितली नाही. लवकर लावले तर गारठ्याने जातील, उशीर झाला तर भुशातच सुकतील. कसं ओळखू?"

मला सांगता येईना. बाईंनी ते कधी डोळ्यांनी ओळखलंच नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरचे उठायच्या आत, मी खाली गेले. वाफ्याशी बसले, डोळे मिटले आणि मातीत बोटं घातली. पहिला कंद गुळगुळीत लागला. दुसराही. तिसऱ्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी टोचलं. ते बोटाला नीट ओळखीचं होईपर्यंत मी तशीच बसले. मग हात धुतले, वर गेले आणि नलिनीला फोन लावला.