किल्ल्यातला राजा मेला तेव्हा वाजलेली चाल

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे इथे हे लिहिताना जरा संकोचच वाटतोय... पण घडलं ते असं.

नव्वदच्या दशकात आम्ही आदिलाबादला, रेल्वे स्टेशनजवळ भाड्याच्या घरात राहायचो. मी ज्युनियर कॉलेजला. दादा नोकरीत, नुकतंच लग्न झालेला. वहिनी तामसीकडच्या खेड्यातली. दादाने हैदराबादहून टीव्ही गेम आणला स्वतःसाठी, पण वेड लागलं वहिनीला! दुपारी कामं आटोपली की आम्ही दोघी दार लोटून बसायचो.

त्यातली एक कॅसेट भुताच्या किल्ल्याची. कबरी, वटवाघळं, मेणबत्त्या, आणि शेवटी काळ्या झग्यातला राजा. त्याच्यापर्यंत पोचलो की आम्ही मरायचो, नाहीतर लाईट जायची... की पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी मात्र वहिनीने त्याला मारलंच. मी टाळ्या पिटल्या. किल्ला ढासळला, पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकू लागली आणि म्युझिक सुरू झालं.

संथ चाल. वर चढायची, थबकायची, पुन्हा चढायची — लांबून कुणी हाका मारल्यासारखी.

वहिनीच्या हातातलं बटणांचं खेळणं खाली पडलं.

"ताई, हे आमच्या दिगूचं हाय."

"कोण दिगू?"

"माहा लहान भाऊ. ज्वारी राखाले जाये तवा पाव्यावर वाजवे. त्यानंच बसवलं होतं हे."

तिला भाऊ आहे हेच मला तेव्हा कळलं. तिच्या लग्नाआधी तो वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. कुठे, कुणालाच माहीत नाही. वडिलांनी त्याचं नाव काढायलाही बंदी केली होती.

"अहो वहिनी, गेम जपानचा आहे. सारखी वाटली असेल चाल."

"सारखी नाई वो ताई. तेच हाय."

त्यानंतर तिला चैन पडेना. भाजी करपायची, दूध उतू जायचं, हाक मारली तरी लक्ष नसायचं. रोज दुपारी तोच किल्ला. शेवटी तिने राजाला पुन्हा मारलं. नावं सरकू लागली... आणि भलतंच म्युझिक वाजलं! धावतं, आनंदी. त्यानंतर दरवेळी तेच.

"तुमी तं आयकलं होतं नं?" तिने माझा हात घट्ट धरला.

ऐकलं होतं. ती चाल माझ्या डोक्यातून जात नव्हती, हीच तर पंचाईत.

संक्रांतीला मी तिच्यासोबत तिच्या माहेरी गेले. वहिनी अंगणात भांडी घासत होती, वडील बाजेवर, आई आत भाकरी थापत होती. मी ओट्यावर बसून नकळत तीच चाल गुणगुणत होते.

आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"कुठी आयकलं पोरी तुनं हे?"



"दिगू भेटला का तुले? बरा हाय का तो?"

आता काय सांगायचं? टीव्हीत वाजलं म्हणून? मी वहिनीकडे पाहिलं. ती मान खाली घालून घासतच राहिली.

"बरा हाय, आई," ती म्हणाली.

आई तिथेच उंबऱ्यावर बसली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येऊ लागला. मग बाजेवरून वडिलांचा आवाज आला, अगदी हळू.

"कुठी हाय म्हणते?"



दिगू आला नाही. त्याची काही बातमीही कधी कळली नाही. वडील मात्र नंतर कापूस घेऊन आदिलाबादला आले की परतीची बस सोडून द्यायचे आणि स्टँडवर बसून उतरणाऱ्यांची तोंडं बघत राहायचे.

अलीकडे मी इंटरनेटवर त्या गेमच्या सगळ्या भागांच्या शेवटच्या चाली शोधून ऐकल्या. काही फार सुंदर आहेत. ती चाल कशातच नाही. आम्हा दोघींना भास झाला म्हणावं... तर मी कधीही न पाहिलेल्या मुलाची चाल त्याच्या आईने माझ्या तोंडून कशी ओळखली? अनेकांना विचारून झालं. मला अजूनही काही सांगता येत नाही.