कवटीच्या जागी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

"अशा चित्रांत फुलांशेजारी कवटी ठेवायचे," चित्रकलेचे सर म्हणाले. "माणूस मरणार आहे याची आठवण म्हणून. आपल्याकडे कवटी नव्हती. आता आली."

त्यांचं बोट माझ्या वडिलांकडं होतं. वर्ग हसला. मीही हसलो. जरा मोठ्यानंच.

सांगलीतल्या एका बंगल्यात रविवारी तैलचित्रांचा वर्ग भरायचा. मी कुपवाडच्या कारखान्यात यंत्रांना फवाऱ्यानं रंग मारणारा. बाकी डॉक्टरीणबाई, बिल्डरची सून, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. आम्ही सगळे एकच चित्र उतरवत होतो. युरोपातलं, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं. काळोखातून वर आलेली फुलं, काचेचं भांडं, पाकळीवर दवाचा थेंब. तशीच फुलं सरांनी वर्गातही मांडून ठेवली होती. मला थेंब जमत नव्हता. काढायचा, फडक्यानं पुसायचा. महिनाभर तेच.

वडिलांचं, आबांचं, मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बायको गावाकडं, खोलीवर एकटं कसं ठेवायचं, म्हणून सोबत आणलं, व्हरांड्यात बसवलं. माणदेशातला माणूस, जन्म मेंढरांमागं गेलेला. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा.

सरांनी त्यांना आत आणून फुलांशेजारी, खिडकीसमोर बसवलं.

"बाबा, चष्मा काढा. हलायचं नाही."

"बरं, सायेब."

चष्मा काढू नका, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी ब्रश पुसत राहिलो.

उजेडानं डोळ्यातून पाणी यायला लागलं. सुरकुतीत अडकून थांबलं. मी बघत राहिलो. वर पांढरा बारीक ठिपका, खाली उजेडाची कड. हात आपोआप चालला. पाकळीवर थेंब उभा राहिला.

"जमलं की रे तुला!" सरांनी पाठ थोपटली. सगळे माझ्या चित्राभोवती जमले. आबा तसेच बसलेले. चष्मा घाला, असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही.

परतताना गाडीवर मागून आबांनी विचारलं, "ती कवटी म्हंजी मीच का रं?"

"न्हाई वो, आबा. फुलांचं बोलत व्हते."

"आसं व्हय."

त्यांनी माझा खांदा धरला होता. तो सोडून त्यांनी मागची कडी धरली.  

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "म्हाताऱ्याला आणलं नाहीस? सगळ्यांची चित्रं अर्धी राहिलीत. चहापाण्याचं देऊ की त्याला."

"न्हाई आननार."

तिथं इतके दिवस मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचो.

"माझा बाप हाय त्यो. फुलाशेजारी मांडायची वस्तू न्हाई."

मॅनेजर म्हणाले, "अहो, सरांची गंमत ती. मनाला काय लावून घेता?"

"त्या गमतीला मी बी हसलोय," मी म्हणालो. "आता न्हाई हसनार."

ब्रश गोळा केले. ओलं चित्र उचललं. निघालो.

याला धाडस म्हणू नका. सर माझे कोण होते? त्यांना सुनावणं सोपं होतं. चित्र कपाटामागं आहे, तोंड भिंतीकडं. लोक म्हणतात, प्रदर्शनात लाव. लावणार नाही. थेंब पुसणारही नाही. हे मनात वागवून थकलोय.

आबा गावी असतात. डोळा बरा आहे, सगळं स्वच्छ दिसतं. चित्र घेऊन जाणार आहे. त्यांच्यासमोर धरणार. त्यांनी विचारलेल्याचं उत्तर 'व्हय' होतं, आणि हसणाऱ्यांत मी होतो. एवढं तोंडावर सांगणं मी त्यांचं देणं लागतो.