शिवी हेमराजची, मोबाईल चारुलताचा

नंदुरबारजवळच्या कोरीट गावचा हेमराज तोंडावर कोणाला वाकडं बोलायचा नाही, पण मोबाईलवर बोटं सुटली की सुटली. बी-बियाणं विकायच्या एका साईटवर त्यानं एका व्यापाऱ्याच्या बापाचा उद्धार केला आणि साईटवाल्यांनी त्याला कायमचा हाकलला.

भरल्या पंगतीतून उठवल्यासारखं झालं त्याला. नवं नाव घेऊन परत शिरला, परत बाहेर. साईटला माणूस दिसत नाही. इंटरनेटच्या कंपनीनं घरच्या जोडणीला दिलेला नंबर दिसतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. हेमराजच्या घरचा वायफायचा डबा सगळ्या भाऊबंदांचा. विरजण न्यावं तसा पासवर्ड जो तो मागून नेई. आत मोबाईल कितीही असोत, बाहेरून आख्खी गल्ली एकच उंबरा. त्यानं डबा बंद करून चालू केला, नंबर बदलला. तरी ओळखलंच. कारण साईट आधीच मोबाईलात खूण ठेवून गेलेली, बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग द्यावा तशी. बैल दुसऱ्या बाजारात नेला म्हणून डाग थोडाच जातो.

म्हणजे आता मोबाईलच दुसरा हवा. शेजारी चुलतभावजय चारुलता. भरताची वांगी, गिलकी, वाल यांचं बी ती राखेत घोळून ठेवायची आणि त्याच साईटवर विकायची; पार गुजरातेतून मागणी यायची. मोबाईलची चार्जिंग संपली असं सांगून त्यानं तिचा मोबाईल नेला. कोरीटात मोबाईल मागणं म्हणजे सूप मागणं, कशाला म्हणून कोणी विचारत नाही. त्यावरून त्यानं आणखी एक खातं काढलं आणि त्याच व्यापाऱ्याला तीच शिवी हासडली.

ऐन रोपं टाकायच्या दिवसांत चारुलताचं साईटवरचं दुकान बंद पडलं. एकच मोबाईल, एकच नंबर, म्हणजे माणूसही एकच, असं साईटनं धरलं.

ती हेमराजकडेच आली, कारण गल्लीत त्यातलं त्यालाच कळायचं. तिला वाटत होतं, आपल्याच हातून काही भलतं दाबलं गेलं, नाहीतर कोणाचं गिलकं उगवलं नसेल म्हणून तक्रार गेली असेल. हेमराजनं तिला नंबर समजावला, खूण समजावली, बैलसुद्धा सांगितला. मोबाईल कोणी नेला होता तेवढं गिळलं.

"भाऊ, तू शे म्हनीसन बरं शे," ती म्हणाली.

तो आहे म्हणून बरं, हे तिच्या तोंडून ऐकलं त्या दिवसापासून तिच्या घरचं ताक त्याच्या घशाखाली उतरेना. शेवटी त्यानं साईटला लिहिलं, दोष माझा, बाईंचा नाही. उत्तर आलं: हा अर्जही त्याच नंबरवरून आला आहे, तुमची नवी नावं आम्ही ओळखतो. बाईंनी स्वतः ओळखपत्र जोडून कळवावं, मोबाईल कोणी वापरला तेही लिहावं.

आता हे आपल्यामुळे झालं असं तिला सांगण्यावाचून वाट नव्हती. ती ओट्यावर वाल पाखडत होती.

"वहिनी, तुन्हं दुकान मन्हामुये बंद पडनं."

सूप थांबलं नाही. "त्या दिन तुन्ही चार्जिंग सरनी नही व्हती?"

"नही."

"मंग?"

"त्या व्यापारीले शिवी देवानी व्हती."

आता सूप थांबलं. "म्हनजे शिवी तुन्ही, नि तोंड मन्हं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. साईटला काय लिहायचं ते मी लिहीन म्हणाली. आत जाऊन बियांच्या पुड्यांची टोपली आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. "हाई घे नि बाजारमा बस."

हेमराज नंदुरबारच्या बाजारात पोतं अंथरून बसला. एका म्हातारीनं पुडी उचलून कोणाचं बी आहे ते विचारलं.

"कोरीटनी चारुलताबाईनं."

"ती का बरं बाजारमा उनी नही?"

"मन्हामुये," हेमराज म्हणाला.

म्हातारीला त्यातलं काही कळलं नाही. गिलक्याचं बी थोडं जास्त घाल म्हणाली.